जोडीचा फोटो

निवृत्तिवेतनाच्या कागदांना एक संयुक्त छायाचित्र जोडावं लागतं. नवरा-बायकोचा एकत्र फोटो, साक्षांकित केलेला. ऑफिसात आम्ही त्याला 'जोडीचा फोटो' म्हणायचो. कालव्यांचं काम बघणाऱ्या एका सरकारी कार्यालयात मी आस्थापनेच्या टेबलावर २६ वर्षं काढली. तेवढ्या वर्षांत असे कितीतरी फोटो फायलींना लावले. लग्नानंतर कधी शेजारी बसून फोटो न काढलेली माणसं निवृत्तीच्या वर्षी तालुक्याच्या स्टुडिओत जायची. बाईच्या डोक्यावर पदर, हात मांडीवर, नजर सरळ. त्याच्या डोक्यावर नवी कोरी टोपी. मला ते फोटो फार आवडायचे.

त्यातला एक फोटो मात्र आजही डोळ्यांसमोरून जात नाही. त्याबद्दल लिहायचं असं बरीच वर्षं मनात होतं. गावं आणि नावं मी गाळली आहेत.

चौकीदार होता तो. कालव्यावरच्या चौकीत राहणारा, गावापासून वीसेक कोस लांब. २००९ साली निवृत्त होणार म्हणून त्याची फाईल माझ्याकडे आली. सेवापुस्तकात कुटुंबाच्या तपशिलात पत्नीचं एक नाव, आणि त्यानं आणलेल्या जोडीच्या फोटोखाली दुसरंच. वयही जुळत नव्हतं. सेवापुस्तकातल्या नोंदीप्रमाणे बाई पन्नाशीला टेकलेली असायला हवी होती, फोटोतली जेमतेम पस्तिशीची. मी विचारलं, "अण्णा, हे नाव वेगळं कसं?" तो म्हणाला, "मॅडम, कागदावरचं एक, हाक मारायचं एक. माहेरचं, सासरचं, तुम्हाला ठाऊकच आहे." आपल्याकडे लग्नात बाईचं नाव बदलतात हे खरंच आहे. अशा वेळी आम्ही प्रतिज्ञापत्र मागायचो. चार दिवसांनी त्यानं स्टँपपेपर आणून दिला. त्यावर लिहिलं होतं, 'वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत.'

मी तो फाईलला लावला आणि प्रस्ताव पुढे पाठवला.

मला त्या दिवशी शंका आली होती. मी साहेबांना बोललेही. "घरचं प्रकरण आहे त्यांचं, आपल्याला कागद पुरेसा आहे ना?" असं उत्तर मिळालं. कागद पुरेसा होता. पण मी तेव्हा एक पत्र त्याच्या गावच्या पत्त्यावर, सेवापुस्तकातल्या नावानं पाठवू शकले असते. ते पाठवलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

२०१२ साली तो वारला. तेराव्यानंतर आठवडाभरात आमच्या व्हरांड्यातल्या बाकावर दोन बायका बसलेल्या दिसल्या. मध्ये एका माणसाची जागा सोडून. दोघींचं कपाळ मोकळं, दोघींच्या पिशवीत त्याच माणसाचा मृत्यूचा दाखला. थोरलीबरोबर तिचा भाऊ होता. धाकटीबरोबर तेरा वर्षांची मुलगी, शाळेच्या गणवेशात.

---

इथं मला माझ्या घरचं सांगितलं पाहिजे, कारण त्या बाकाकडे बघताना मला माझ्या दोन आज्या आठवल्या होत्या.

आमचं मूळ गाव संगमनेर तालुक्यातलं. आजोबांचं पहिलं लग्न १९३१ सालचं. मोठ्या आजीला तीन मुली झाल्या, मुलगा नाही. मग १९३९ साली आजोबांनी दुसरी केली. त्या काळी पोरीला 'सवतीवर दिली' म्हणायचे, जसं विहिरीवरच्या शेतात दिली, बागायतीत दिली. माझी सख्खी आजी ही अशी सवतीवर दिलेली. चौदा वर्षांची होती. तेव्हा यात बेकायदा काही नव्हतं. मुलगा हवा, हे कारण सगळ्या गावाला पुरेसं होतं.

सात वर्षांनी, १९४६ साली, मुंबई प्रांतानं हिंदूंना दुसरं लग्न करायला बंदी घालणारा कायदा केला. हिंदू विवाह कायद्याच्या नऊ वर्षं आधी. त्या कायद्याला आव्हान दिलं गेलं आणि १९५१ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयात छागला आणि गजेंद्रगडकर या न्यायमूर्तींनी तो वैध ठरवला. कायद्याचे विद्यार्थी आजही तो निकाल 'नरसू आप्पा माळी' या नावानं शिकतात. धर्मानुसार चालणारे व्यक्तिगत कायदे घटनेच्या मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येतात का, हा वाद तिथून सुरू होतो. मला मात्र त्यातलं छागलांचं एक साधं उत्तर भिडतं. मोक्षासाठी मुलगा लागतो, म्हणून दुसरी बायको हा धर्माचाच भाग आहे, असा मुद्दा पुढे आला होता. छागलांनी म्हटलं, त्याच धर्मानं दत्तकाचीही सोय करून ठेवली आहे.

मोठ्या आजीला हे कुणी सांगितलं असतं तर! तिच्या धाकट्या दिराला चार मुलगे होते.

त्याच १९५१ सालच्या सप्टेंबरात हिंदू कोड बिल रखडलं म्हणून बाबासाहेब आंबेडकरांनी कायदामंत्रिपद सोडलं. एकपत्नीत्व हा त्या बिलातल्या सर्वांत मोठ्या विरोधाच्या मुद्द्यांपैकी एक होता. शेवटी १८ मे १९५५ पासून हिंदू विवाह कायदा देशभर लागू झाला. त्यात जुन्या सवतींसाठी एक कलम आहे, ते फार थोड्यांना ठाऊक असतं. कायद्याच्या आधी नवऱ्यानं दुसरी केली असेल आणि ती बायको हयात असेल, तर एवढ्याच कारणावर घटस्फोट मागता येतो. शिवाय १९४६ च्याच एका केंद्रीय कायद्यानं अशा बाईला वेगळं राहून पोटगी मागायचा हक्क दिला होता. आमच्या घरात हे दोन्ही हक्क चुलीपर्यंत कधी पोचले नाहीत. दोघी एकाच घरात राहिल्या, एकाच जात्यावर समोरासमोर बसल्या. माझे वडील मोठीला 'मोठी आई' म्हणत आणि तिच्याच कुशीत झोपत.

आजोबा १९६८ ला गेले. वारसाची नोंद झाली तेव्हा हिंदू वारसा कायदा आलेला होता. त्याच्या दहाव्या कलमात असं आहे की विधवा एकीपेक्षा जास्त असतील तर सगळ्या मिळून एकच हिस्सा. मुलाला एक, प्रत्येक मुलीला एक, आणि दोन आज्यांना मिळून एक. सातबाऱ्यावर दोघींची नावं एकाखाली एक होती. मोठी आजी ते वाचून घ्यायची माझ्याकडून. "आम्ही दोघी मिळून एक बाई," एवढंच म्हणायची. तिच्या आवाजात राग नसायचा, आणि मला तेच सहन व्हायचं नाही.

चौकीदाराच्या फाईलमधला तो स्टँपपेपर मी हातात घेतला तेव्हा मला हे आठवायला हवं होतं. 'दोन्ही नावे एकाच व्यक्तीची.'

---

चौकीदाराच्या थोरल्या बायकोचं लग्न १९७८ चं, होम-सप्तपदीसह, भटजींसमोर. एक मुलगी. ती गावी राहिली, सासूचं सगळं केलं, सासू तिच्याच हातात गेली. नवरा महिन्याला पैसे पाठवायचा, सणाला यायचा. कालव्यावर दुसरा संसार आहे हे तिला १९९६ च्या सुमारास कळलं. मी विचारलं, "बाई, तेव्हा तक्रार का नाही केलीत?" ती म्हणाली, "नोकरी गेली असती त्यांची. मग मला पाठवायचे ते कुठनं पाठवले असते?"

तिचं बरोबर होतं. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियमांतला २६ वा नियम सांगतो की पती किंवा पत्नी हयात असताना शासकीय कर्मचाऱ्यानं दुसरं लग्न करायचं नाही. कारवाई झाली तर नोकरीही जाऊ शकते. म्हणजे नवऱ्याला शिक्षा व्हावी असं वाटलं तर बायकोनं आपल्याच ताटातली भाकरी काढून द्यायची.

आणि फौजदारी कायदा? जुन्या भारतीय दंड संहितेचं ४९४ कलम, आता भारतीय न्याय संहितेचं ८२. सात वर्षांपर्यंत कैद, पहिलं लग्न लपवलं असेल तर दहा. ऐकायला जबर. पण हा अदखलपात्र गुन्हा. पोलीस ठाण्यात गेलं तर एनसी लिहून घेतात आणि कोर्टात जायला सांगतात. फिर्याद बाईनंच करायची, किंवा तिच्या वतीनं आई-बाप, भाऊ-बहीण अशा जवळच्यांनी. शेजारी, ऑफिस, ग्रामपंचायत, सगळ्यांना माहीत असलं तरी कुणाला फिर्याद करता येत नाही.

समजा, तिनं फिर्याद केली असती. पुढची भिंत याहून उंच. चौकीदाराचं दुसरं लग्न १९९४ साली कालव्याजवळच्या एका देवळात झालं होतं. हार घातले, मंगळसूत्र बांधलं, पेढे वाटले. होम नाही, सप्तपदी नाही. १९६५ साली महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका खटल्यात दुसरं लग्न गंधर्व पद्धतीनं लावलेलं होतं. न्यायालयानं म्हटलं, आवश्यक विधींनी लग्न रीतसर 'साजरं' झालेलं नाही, म्हणून द्विभार्येचा गुन्हा होत नाही. आरोपी सुटला. पुढच्या निकालांतही हेच धरलं गेलं. म्हणजे ज्याला दुसरी करायची आहे त्यानं ती अर्धवट करावी, हे गावातल्या अर्ज लिहून देणाऱ्यांनाही पाठ आहे.

आता तेच लग्न धाकटीच्या बाजूनं बघा. तिला सांगितलं होतं की पहिलीची फारकत झाली आहे. तिच्याकडे शंभराच्या स्टँपवरची फारकत होती, नोटरी केलेली, थोरलीच्या अंगठ्यासकट. थोरली म्हणाली, "सोसायटीच्या कर्जाचा कागद म्हणून अंगठा घेतला होता माझा." काही समाजांत रूढीनं काडीमोड होते आणि कायदा ती मानतोही, पण तशी रूढी कोर्टात पुराव्यानं सिद्ध करावी लागते. नोटरीच्या शिक्क्यानं लग्न मोडत नाही. हे धाकटीला कोण सांगणार? तिच्या बापाला शिक्का दिसला, त्यानं पोरगी दिली.

हिंदू विवाह कायद्यानुसार असं लग्न मुळातच रद्दबातल. झालंच नाही असं धरायचं. १९८८ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं अशा बाईला पोटगी नाकारली, कारण कायद्यानं ती 'पत्नी' नव्हे. पुढे पंचवीस वर्षांनी, २०१३ मध्ये, पुन्हा महाराष्ट्रातल्याच एका बाईच्या प्रकरणात, जिच्या नवऱ्यानं पहिलं लग्न लपवून देवळात तिच्याशी लग्न केलं होतं, न्यायालय जरा वळलं. फसवणाऱ्याला स्वतःच्याच लबाडीचा फायदा घेऊ द्यायचा नाही, म्हणून पोटगीपुरतं तिला पत्नी मानलं. तो निकाल मी छापून माझ्या टेबलाच्या खणात ठेवला होता. पण तो पोटगीपुरता. नवरा मेल्यावर पोटगी कोणाकडे मागायची?

मला या सगळ्याचा राग येतो तो इथं. गुन्हा ठरवायचा म्हटलं की लग्न पुरेसं झालेलं नसतं, आणि हक्क मागायचा म्हटलं की लग्न वैध नसतं. दोन्ही बाजूंनी सुटतो तो एकटा पुरुष.

---

कोषागारानं निवृत्तिवेतन थांबवलं आणि न्यायालयाचा आदेश आणायला सांगितलं. पाच वर्षं गेली. त्या पाच वर्षांत थोरली मुलीच्या सासरी राहिली, जावयाच्या घरात. धाकटी कांद्याच्या चाळीत निवडणीला जायची. २०१७ मध्ये निकाल लागला. कुटुंब निवृत्तिवेतन थोरलीचं. धाकटीच्या मुलीला वयाची अट संपेपर्यंत तिचा हिस्सा. धाकटीला काही नाही. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं हीच गोष्ट सगळ्या राज्यासाठी स्पष्ट केली. निवृत्तिवेतन नियमांत 'एकाहून अधिक विधवा असल्यास समान हिस्से' असं वाक्य आहे, पण पहिली हयात असताना केलेल्या बेकायदा लग्नातली बाई त्यात विधवा धरता येत नाही.

मी या निकालाच्या विरोधात नाही. थोरलीचा घास अर्धा करून धाकटीला द्यावा असं मला कधीच वाटलं नाही. आमच्या मोठ्या आजीच्या बाबतीत कायद्यानं तेच केलं होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की रद्दबातल लग्न असतं, बाई रद्दबातल नसते. फसवणारा हयात असताना त्याच्या पगारातून, त्याच्या जमिनीतून तिला भरपाई मिळायला हवी होती, आणि ती मागायला तिनं कोर्टाच्या पायऱ्या दहा वर्षं झिजवायला नको होत्या. मुलांचं तरी कायद्यानं बरं केलं. हिंदू विवाह कायद्याच्या १६ व्या कलमानं ती औरस ठरतात, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालानं बापाच्या वडिलोपार्जित वाट्यातही त्यांना हिस्सा मिळतो. फक्त त्यांच्या आईचं नाव कुठंच नाही.

हा विषय निघाला की लोक लगेच मुसलमानांकडे बोट दाखवतात. माझ्या टेबलावर एका मुस्लिम कर्मचाऱ्याच्या दोन विधवांची फाईलही आली होती. नियमाप्रमाणे दोघींना अर्धं-अर्धं मिळालं, तीन महिन्यांत. त्या व्यवस्थेतही बाईचा जीव तेवढाच जळतो. १८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम बायका मुंबईत विधिमंडळावर चालत गेल्या, तेव्हा तोंडी तलाकाबरोबर बहुपत्नीत्व बंद करा ही त्यांची मागणी होती. साठ वर्षं होत आली त्याला, आणि ती मागणी मला पूर्ण पटते. पण हिंदू घरांत हा प्रश्न संपला आहे असं जे म्हणतात त्यांनी आकडे बघावेत. १९७४ च्या स्त्रियांच्या स्थितीवरच्या सरकारी अहवालात बहुपत्नी विवाहांचं प्रमाण हिंदूंत ५.८ टक्के होतं, मुसलमानांत ५.७. आदिवासींत सर्वांत जास्त, पंधराच्या वर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंदू १.३, मुस्लिम १.९. प्रमाण सगळीकडेच घटलं आहे. पण हिंदूंमधल्या त्या १.३ टक्क्यांत दुसरी बायको म्हणून आलेली प्रत्येक बाई बिनहक्काची आहे, हे त्या आकड्यात दिसत नाही.

निवृत्त झाल्यापासून मी बचतगटाच्या बायकांना दोन गोष्टी सांगत फिरते. लग्नाची नोंद करा. १९९८ च्या राज्याच्या कायद्यानुसार गावात ग्रामपंचायतीत नोंद होते, आणि त्या नमुन्यात लग्नाआधीची स्थिती लिहावी लागते. आणि नवरा सरकारी नोकरीत असेल तर त्याच्या सेवापुस्तकात आपलं नाव लागलंय का ते विचारा. पहिल्या गोष्टीला माना डोलतात. दुसरी सांगितली की गप्प होतात. नवऱ्याला असं विचारायचं म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं होतं, असं एकजण मला म्हणाली. मी तिला म्हटलं, विचारायचं लग्नाच्या पहिल्या वर्षीच. तेव्हा संशय नसतो.

धाकटीशी माझा संबंध राहिला. कसा ते नीट सांगता येणार नाही. बहुतेक त्या फोटोमुळे. २०२३ च्या उन्हाळ्यात तिच्या मुलीचं जमलं. मुलगा एमआयडीसीत कामाला, घरचे बरे. साखरपुड्याआधी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, तो नोंदणीचा कागद आत्ताच आणून द्या." मी म्हटलं, अगं, तो लग्नानंतर भरतात. "भरू नंतर. मला आत्ता बघायचाय."

मी आणून दिला. तिला वाचता येत नाही. ती एकेका रकान्यावर बोट ठेवत गेली आणि मी वाचत गेले. एका रकान्यावर बोट थांबलं. "इथं काय?"

"वराची लग्नाआधीची स्थिती. अविवाहित, विधुर की घटस्फोटित."

"पोराचं काय लिहायचं?"

"अविवाहित."

"कुणी सांगितलं?"

"त्यांनीच सांगितलं असेल ना तुम्हाला?"

तिनं कागदाची घडी घातली, कमरेच्या पिशवीत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं ती मुलाच्या गावी गेली. कुणाला न सांगता, एकटीच. पिठाच्या गिरणीत, दूध डेअरीवर, त्याच्या आधीच्या भाडेघराच्या मालकिणीकडे विचारून संध्याकाळी परत आली, आणि मग मुलीला म्हणाली, "हो म्हण."